मंडळीतली कुजबुज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चर्चच्या कंपाउंडमधला मागचा तुकडा कमिटीने बिल्डरला विकला, अशी चर्चा दोन महिने चालू आहे. मोजणीवाले येऊन गेले, तेव्हापासून हे सुरू झाले. पाळकसाहेबांनी भक्तीत "अफवांवर विश्वास ठेवू नका" असे सांगितले, तर बोलणे आणखीच वाढले. असे का?
– एक पास्टरेट सदस्य

उत्तर : वाढणारच होते. मोजणी सर्वांनी डोळ्यांनी पाहिली; ती कशासाठी, हे मात्र कोणी सांगितले नाही. मग ज्याला जे सुचले ते त्याने जोडले. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947 साली मांडले, की अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. बेरीज नव्हे, गुणाकार : एक बाजू शून्य झाली की अफवेतला दम संपतो. वाडवडिलांनी राखलेल्या जमिनीचे महत्त्व तुम्ही कमी करू शकत नाही. संदिग्धता मात्र घालवता येते, आणि ती कागदानेच जाते.

आधी ताजा सात-बारा किंवा शहरात असाल तर मिळकत पत्रिका काढा, सोबत फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) पाहा. पण उतारा स्वच्छ दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झाले असले तरी उताऱ्यावर नाव तेच राहते. म्हणून नोंदणी विभागाची सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्तांची यादी) तपासा. चर्चची मिळकत सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्राला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते : शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त, बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तेव्हा. तेव्हा सेक्रेटरींना दोनच प्रश्न लेखी विचारा : असा अर्ज केला आहे का? इतिवृत्तात तसा ठराव आहे का?

उत्तर मिळाले की निवेदन करा, आणि त्यात अफवा पहिल्या वाक्यात उगाळू नका. खरे काय ते आधी सांगा. उदाहरणार्थ : "अमुक तारखेची मोजणी कुंपणाच्या भिंतीसाठी होती. विक्रीचा ठराव नाही, अर्जही नाही. भिंतीचा खर्च अजून ठरलेला नाही. तो पुढच्या बैठकीत, अमुक तारखेला ठरेल." जे ठरलेले नाही तेही सांगायचे, नाहीतर पुढची कुजबुज तिथूनच निघते. निवेदन भक्तीच्या शेवटी, आशीर्वादाच्या आधी वाचा (सुरुवातीला निम्मे बाक रिकामे असतात), सलग दोन रविवार वाचा, आणि सही-तारखेसह फलकावर लावा. ग्रुपवर व्हॉइस नोट नको. ती ऐकून जो तो आपल्या शब्दांत पुढे सांगतो.

प्रश्न : घरोघरच्या प्रार्थनासभेत एका भगिनीने दुसऱ्या घरातल्या मुलीसाठी प्रार्थनेची विनंती केली. आठवड्याच्या आत त्या मुलीबद्दल भलतेच ऐकू आले. आता विनंत्या घेणेच बंद करावे का?
– भगिनी मंडळ

उत्तर : बंद करू नका, पण हेही मान्य करा, की मंडळीत चहाडीला सर्वांत सभ्य वाट प्रार्थनेचीच मिळते. "सांगू नये, पण प्रार्थनेत ठेवा" म्हटले, की ऐकणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. वर सांगितलेल्या ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांच्याच प्रयोगांत पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत सुमारे 70 टक्के तपशील गळून गेले. उरलेला मात्र ठळक होतो. "स्थळ जुळत नाही, जरा खचली आहे" यातले स्थळ गळते, 'खचली' उरते. चौथ्या घरी ती दवाखान्यात असते.

विनंती मांडण्याआधी त्या व्यक्तीला स्वतः विचारा : नाव घ्यायचे का? किती सांगायचे? याच सभेत की रविवारीही? होकार नसेल तर "एका कुटुंबासाठी" एवढेच म्हणा. कोणी तपशिलात शिरू लागले, तर सभा चालवणाऱ्या ताईंनी तिथेच "आपण प्रार्थना करू या" म्हणून डोळे मिटावेत. जरा उद्धट वाटेल, पण चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार पुढे पाठवलेल्या संदेशाला दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यावर विसंबू नका. मंडळीतली बातमी बहुधा नव्याने टाइप होते नाहीतर स्क्रीनशॉटने फिरते, आणि त्यावर बाण नसतात.

प्रश्न : एका पुढाऱ्याबद्दल गंभीर बोलले जाते. ही अफवा समजून दाबावी का?
– नाव छापलेले नाही

उत्तर : पैशांचा किंवा वागणुकीचा वाद असेल तर मत्तय 18:15-17 चा क्रम धरा : आधी एकट्याने, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे पुढाऱ्यावरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असे 1 तीमथ्य 5:19 सांगते.

मात्र लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर हा क्रम लावायचाच नाही. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साक्षीदार शोधत बसू नका, त्या पुढाऱ्याला आधी सांगू नका, मुलाला कमिटीपुढे उभे करू नका. कळलेले जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा, किंवा 1098 या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करा.