गेम का खेळता, हे विचारण्याची रीत : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रबंधाचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत दिसतो. माणूस ऑनलाइन गेम का खेळतो हे मोजणे आणि त्याला गेमचे व्यसन आहे का हे ठरवणे, या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

गेम खेळण्यामागच्या प्रेरणा मोजायच्या आहेत. एम.ए.च्या प्रबंधासाठी बार्टल व यी यांची मांडणी आणि एमओजीक्यू ही प्रश्नावली, यांपैकी काय वापरावे? (विद्यार्थिनी, सोलापूर)

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे जे चार प्रकार मांडले, ते केवळ मजकुरावर चालणाऱ्या, चित्रे नसलेल्या बहुखेळाडू गेममधील अनुभवावरून मांडले होते. तो लेख आहे, मापनश्रेणी नव्हे. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांचे घटक विश्लेषण करून (म्हणजे कोणती उत्तरे एकमेकांसोबत येतात ते पाहून त्यांचे गट पाडून) दहा प्रेरणा तीन गटांत बसवल्या : यश, सामाजिकता आणि तल्लीनता. एक प्रेरणा प्रबळ असली म्हणजे दुसरी दुबळीच असते असे नाही, हेही त्यांनी दाखवले, आणि माझ्या मते त्यांचे मोठे काम तेच. मात्र त्यांचे खेळाडू महिनोन्‌महिने एकाच काल्पनिक जगात वावरणारे होते, आणि तुमच्या महाविद्यालयातील मुले दोन तासिकांच्या मध्ये बीजीएमआय या मोबाइल गेमचा एक डाव टाकणारी आहेत.

एमओजीक्यू ही प्रश्नावली झोल्ट डेमेट्रोविच आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हंगेरीतील ३,८१८ खेळाडूंवर बेतली. तिच्यात २७ विधाने असून सात प्रेरणा मोजल्या जातात : सामाजिक संबंध, पलायन, स्पर्धा, ताणाशी सामना, कौशल्यवृद्धी, कल्पनाविश्व आणि मनोरंजन. ती कोणत्याही एका प्रकारच्या गेमला बांधलेली नाही, म्हणून तुम्हाला तीच बरी पडेल असे वाटते; तरी आपल्या मार्गदर्शकांशी बोलल्याशिवाय निर्णय पक्का करू नये.

एमओजीक्यूच्या २७ उत्तरांची बेरीज करून ‘एकूण प्रेरणा’ काढली तर चालेल का? (विद्यार्थी, लातूर)

चालणार नाही, सात प्रेरणांचे सात गुण वेगवेगळेच ठेवावेत.

एका चाचणीत माझा मुलगा ‘किलर’ निघाला. सविस्तर अहवाल आणि समुपदेशनाच्या पॅकेजसाठी आता पैसे मागत आहेत. (पालक, नाशिक)

पैसे देऊ नका. बार्टल यांच्या चार प्रकारांतील ‘किलर’ म्हणजे ज्याला गेममधील वस्तूंपेक्षा इतर खेळाडूंवर कुरघोडी करण्यात रस आहे तो. हिंसक वृत्तीचे ते निदान नाही. त्यांच्या नावाने फिरणारी चाचणीही त्यांनी केलेली नाही, त्यांच्या लेखावरून ती इतरांनी रचली. तिच्यात दोन पर्यायांपैकी एक निवडावाच लागतो, त्यामुळे दोन्ही आवडणाऱ्या मुलालाही कोणत्या तरी कप्प्यात कोंबले जाते. भीतिदायक शब्द फुकट दाखवायचा आणि त्याचा अर्थ विकत द्यायचा, हा व्यापार आहे. मुलाच्या वागण्याची खरोखर काळजी वाटत असेल, तर पात्रताधारक चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला प्रत्यक्ष भेटावे.

एमओजीक्यूच्या इंग्रजी प्रश्नावलीचे मी स्वतः मराठी भाषांतर केले आहे. लगेच गूगल फॉर्म पाठवू का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही, आणि येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण वर्षाकाठी सर्वांत जास्त प्रबंध याच ठिकाणी बिघडलेले पाहते. ज्या इंग्रजीला तुम्ही मूळ समजता, तिच्यामागेही हंगेरियन खेळाडूंनी दिलेली उत्तरे आहेत. म्हणजे एका भाषेतून दुसरीत जाताना काय सांडते हा प्रश्न या प्रश्नावलीला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

माझ्याकडे आलेल्या एका भाषांतरात विधान होते, ‘मला गेममध्ये हरवायला आवडते.’ विद्यार्थिनीच्या मनात प्रतिस्पर्ध्याला हरवणे होते. आम्ही नववीतील चार मुलांना ते मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगायला लावले, तेव्हा दोघांनी ‘समोरच्याला हरवणे’ असे सांगितले आणि दोघांनी ‘गेममध्ये हरवून जाणे’. एकाच वाक्यावरील एकच खूण निम्म्या मुलांच्या बाबतीत स्पर्धा मोजत होती आणि निम्म्यांच्या बाबतीत कल्पनाविश्व. पलायनाच्या विधानात ‘पळून जाणे’ लिहिले, तर मुलांना घर सोडून जाणे आठवते. ‘विरंगुळा’ हा आपला सुंदर शब्दही येथे गोत्यात आणतो, कारण त्यात करमणूकही आहे आणि दुःखाचा विसरही, आणि प्रश्नावली नेमक्या याच दोन गोष्टी वेगळ्या काढू पाहते. उत्तरांच्या पर्यायांत ‘क्वचित’ मोठे की ‘कधीकधी’, हेसुद्धा मुले विचारतात.

म्हणून आधी वापराच्या अटी पाहाव्यात. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावे. मग दहा-बारा खेळाडूंना समोर बसवून प्रत्येक विधान त्यांना काय कळले ते ऐकावे. त्यानंतरच मोठा नमुना घ्यावा आणि सात घटक मराठीतही तसेच पडतात का, हे तपासावे. क्रॉनबॅक अल्फा (विधानांची उत्तरे आपापसांत किती जुळतात हे सांगणारा आकडा) ०.८० आला म्हणून भाषांतर चांगले ठरत नाही. सर्व मुलांचा एखाद्या विधानाबाबत सारखाच गैरसमज झाला, तरीही अल्फा उत्तम येतो. ‘सर जाऊ दे म्हणाले’ हे कारण मला सांगू नका. सरांनाही एकदा संख्याशास्त्राच्या जाणकाराकडे घेऊन जा.

एमओजीक्यूमध्ये माझ्या मुलीचे ‘पलायन’ गुण फार आले. हे व्यसन आहे का? दहावी झाल्यावर डॉक्टरांना दाखवावे म्हणतो. (पालक, ठाणे)

केवळ त्या गुणांवरून व्यसन म्हणता येत नाही. अनेक अभ्यासांत पलायनाची प्रेरणा आणि त्रासदायक गेमिंग यांचा संबंध आढळला आहे, परंतु संबंध म्हणजे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणानुसार, खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान होऊनही खेळणे चालूच राहणे, हे चित्र साधारणपणे १२ महिने दिसावे लागते आणि त्यामुळे जगण्यात लक्षणीय बिघाड झालेला असावा लागतो. त्याची चाचपणी करणाऱ्या प्रश्नावल्या वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यावरूनही अंतिम निदान होत नाही.

मात्र निदानाला बारा महिने लागतात म्हणून सल्ल्यासाठी बारा महिने थांबायचे नसते. ती कशापासून लांब जाऊ पाहते आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कदाचित त्या दहावीतच असेल. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. ती मिळेपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलता येईल.

रोज तीन तासांपेक्षा जास्त खेळणे म्हणजे व्यसन, असे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचले. (वाचक, पणजी)

आयसीडी-११ मध्ये तासांचा असा कोणताही आकडा नाही.

मुलगा प्रश्नावली भरायला तयार नाही. त्याच्या वतीने मी भरली तर? (पालक, सातारा)

मग ती उत्तरे तुमची होतील. तो नको म्हणत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवावी आणि समुपदेशकाकडे आधी तुम्ही एकटे जाऊन यावे.