जुन्या फियाटला जिप्सीचे इंजिन बसवल्यावर ब्रेक कोणते निवडावेत?

आपला प्रश्न असा आहे की, १९७० सालच्या फियाट ११०० डिलाइटमध्ये जिप्सीचे एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचे) इंजिन बसवून झाले आहे. आता चारही चाकांना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) बसवाव्यात, की मूळचे ड्रमच (फिरता बंद डबा, ज्याला आतून शू दाबतात) नीट करून चालवावेत? माझ्या मते पुढे डिस्क, मागे मूळचे ड्रम, दोन सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वेगवेगळ्या लाइनमधून ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या हवेच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा), एवढे पुरेसे आहे. मागच्या डिस्कवर पैसे घालवू नयेत.

मूळ इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचे होते, आपले ८० चे आहे. गाडीचे वजन फारसे वाढले नाही, पण वेग वाढला, आणि ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९० वरून गाडी थांबवायची तर ती सव्वादोन पट होते. ही सगळी उष्णता ड्रमच्या बंद डब्यात साठते. मी इंदूरचा. वडिलांची फियाट महूहून जाम गेटमार्गे मंडलेश्वरकडे उतरवताना, मूळ इंजिन असूनही, घाटाच्या मध्यावर पेडल खोल जाऊ लागले आणि लायनरचा (शूवरच्या घासणाऱ्या थराचा) जळका वास आत आला. ड्रम तापून प्रसरण पावतो, शूला अधिक सरकावे लागते, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेला थांबत थांबत खाली पोहोचलो. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे खरी गरज पुढेच असते. मागच्या चाकांवरचा भार हलका झालेला असतो, तिथे ड्रम पुरतो आणि मूळचा हँडब्रेकही जसाच्या तसा राहतो.

त्या प्रसंगानंतर मी पुढे डिस्क बसवून घेतल्या. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) चांगले निवडले होते, चूक मास्टर सिलिंडरमध्ये झाली. गॅरेजवाल्याने जुनाच सिलिंडर ठेवला. पहिल्याच फेरीत महूपर्यंत, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर, गेलो आणि उतरून पाहतो तर पुढच्या रिमला हात लावता येईना. गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरेना. कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायची तोटी) किंचित सैल केल्याबरोबर ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. ड्रमसाठीच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरांत एक झडप असते, जी पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवते. शू मागे ओढणाऱ्या जोरदार स्प्रिंगांपुढे तो दाब काहीच नाही, पण डिस्कला अशी स्प्रिंग नसते, म्हणून पॅड घासतच राहतात. ही झडप फक्त मागच्या लाइनला असावी. शिवाय पॅड झिजतात तसे कॅलिपर अधिक ऑइल ओढून घेतात, तेव्हा ब्रेक ऑइलची टाकीही मोठी हवी.

आता मास्टर सिलिंडरच्या बोअरविषयी, म्हणजे आतल्या व्यासाविषयी. कॅलिपरला लागणारे ऑइल पुरवण्यासाठी मोठ्या बोअरचा सिलिंडर लावावा लागतो, पण पाऊण इंचाऐवजी सात अष्टमांश इंची बोअर घेतला, तर पायाचा जोर तेवढाच असताना दाब सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. त्यात ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच घट्ट होत जातो, ती मदत डिस्कला मिळत नाही. म्हणूनच बूस्टर लागतो. आपले इंजिन पेट्रोलचे असल्याने बूस्टरला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम सहज मिळेल. डिझेल बसवले असते तर वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागला असता.

कॅलिपरचा ब्रॅकेट स्टब अॅक्सलला (पुढचे चाक ज्यावर बसते त्या भागाला) कदापि वेल्ड करू देऊ नका. तो भाग फोर्जिंगचा (तापवून ठोकून घडवलेला) असतो आणि वेल्डिंगच्या आचेने त्याची ताकद बिघडते. जाड पोलादी पट्टीचा ब्रॅकेट लेथवाल्याकडून करवून मूळच्या बोल्टांवरच बसवावा. तसेच ब्रेकच्या लाइनला साधी तांब्याची नळी वापरू नये, ती कंपनांनी तडकते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक लोंबते ठेवून होज (चाकाकडे जाणारी लवचीक रबरी नळी) कुठे घासत नाही ना, हे स्वतः पाहावे. ऑइल डॉट ४ घालावे, सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये, आणि डॉट ४ हवेतली ओल शोषत असल्याने पावसाळा संपला की बदलावे.

मूळपणा जपण्यासाठी ड्रम ठेवावेत, असेही कोणी सुचवेल. परंतु २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी इंजिनातही फेरफार झालेला चालत नाही, तेव्हा तो मुद्दा आपल्यापुरता निकालात निघाला आहे. उलट इंजिनबदलाची नोंद आरटीओत झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

शेवटी मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घाला. मोकळ्या मैदानात, ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, कोणाला तरी बाहेर उभे करून जोरात ब्रेक लावा आणि आधी कोणते चाक लॉक होते (फिरायचे थांबून घसरते) ते त्याला पाहायला सांगा. मागचे आधी लॉक झाले तर ओल्या रस्त्यावर गाडी भोवरा खाईल. पुढचे आधी लॉक होईपर्यंत व्हॉल्व्हने मागचा दाब थोडा थोडा कमी करत जा, आणि पाऊस पडून गेल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या.