वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडण्याची तारीख

प्रश्न : मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात एक्स्ट्रूडर (पाइप तयार करणारे यंत्र) ऑपरेटर म्हणून कायम नोकरीत आहे. येत्या ऑगस्टमध्ये पाच वर्षे पूर्ण होतील. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,300 रुपये असून हातात 18,500 पडतात. माझ्यानंतर लागलेल्या सहकाऱ्याला शिफ्ट इन्चार्ज केल्यापासून तेथे मन लागत नाही. एका एजन्सीने चाकणमध्ये वर्षाला 4 लाख 20 हजार रुपयांचे काम सांगितले असून 1 एप्रिलला रुजू होण्यास कळवले आहे. वडील म्हणतात, अखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ दे, मग पाहू. मी काय करावे?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : आपण पगाराचा आकडा लिहिला आहे, परंतु नेमणुकीचे पत्र कोणाच्या नावाने मिळणार आहे, हे लिहिलेले नाही. माझ्या मते आपला निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. चाकणच्या पट्ट्यात कारखाना एकाचा आणि कामगार ठेकेदाराचा, अशी व्यवस्था सर्रास आढळते. गणवेश कंपनीचा असतो, हजेरीही कंपनीच्या फाटकावर लागते, परंतु वेतनचिठ्ठी एजन्सीची असते, आणि मागणी घटली की पहिली कपात याच माणसांची होते. म्हणून एजन्सीला फोनवर न विचारता लेखी विचारा की, नेमणूक कंपनीच्या स्वतःच्या वेतनपटावर आहे की त्यांच्या. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर नेमणूक एजन्सीचीच आहे असे समजून चाला.

आता पैशाचा हिशेब करू. 4 लाख 20 हजार म्हणजे महिन्याला 35,000 असे आपण धरले असेल, पण वार्षिक आकड्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, बोनस, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद, विम्याचा हप्ता आणि कधीकधी कँटीनचा खर्चही धरलेला असतो. हातात 28,000 पडतील असे मानू. खोलीचे भाडे, खाणावळ आणि महिन्यातून एकदा गावी येणे यांवर 8,500 गेले, तर 19,500 उरतात. आज आपण घरच्या दादर ज्वारीची भाकरी खाऊन कामावर जाता, भाडे देत नाही, आणि पेट्रोलचे 2,500 वजा केले तरी 16,000 राहतात. म्हणजे 16,500 चा वाटणारा फरक प्रत्यक्षात महिन्याला सुमारे 3,500 रुपयांचा आहे. माझे आकडे अंदाजाचे आहेत. आपण स्वतःचे घालून हीच वजाबाकी वडिलांसमोर बसून करावी. त्यांचा विरोध चाकणला आहे की घाईला, हेही त्यातून कळेल.

ग्रॅच्युइटीचा नियम असा की, कायम कामगाराची सलग पाच वर्षे सेवा झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला 15 ने गुणून 26 ने भागायचे आणि जितकी वर्षे झाली तितक्यांनी गुणायचे. आपल्या बाबतीत वर्षाला 8,250 आणि पाच वर्षांचे 41,250 रुपये होतात. चार वर्षे 240 दिवस झाले तरी पुरे, असे कारखान्यात कोणी ना कोणी सांगेलच. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निर्णय आहे हे खरे, परंतु आपल्या मालकाने तो आपणहून मानला नाही तर कामगार खात्याकडे खेटे घालावे लागतील, आणि ते चाकणहून रजा काढून घालणे सोपे नाही.

येथे एक धोका मी अनेकांना भोवलेला पाहिला आहे. ‘नोटीस एक महिन्याची आहे, तेव्हा जुलैत राजीनामा देतो, ऑगस्टमध्ये पाच वर्षे भरतील,’ असा हिशेब माणूस करतो आणि मालक दुसऱ्याच दिवशी राजीनामा मंजूर करून त्याला मोकळे करतो. नंतर वाद घालता येतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून पाच वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा, आदल्या दिवशीही नाही. पाइपचा हंगाम पावसाआधी सरतो. भर उन्हाळ्यात ऑपरेटरला सोडताना मालक जी अडवणूक करतो, ती ऑगस्टमध्ये सहसा करणार नाही, हा आपला आणखी एक फायदा.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. चाकणची नेमणूक कंपनीच्या स्वतःच्या वेतनपटावर असेल, हातात पडणारी रक्कम लेखी मिळत असेल आणि तेथे नवे यंत्र शिकायला मिळणार असेल, तर 41,250 रुपयांसाठी ती संधी घालवू नका. रुजू होण्यासाठी मुदत मागा, आणि ती मिळाली नाही तरी जा. नेमणूक एजन्सीची असेल, तर कायम नोकरी सोडून तात्पुरती धरणे मला मान्य नाही. मग ऑगस्टपर्यंत जागचे हलू नका आणि तोवर दुसरीकडे अर्ज करीत राहा.

सहकाऱ्याला बढती मिळाल्याचे दुःख मी समजू शकतो. डाय (पाइपचा साचा) बदलताना, हंगामाच्या काळात रात्रपाळी करताना ज्याने अंग मोडून काम केले, त्याला डावलले की मन उडणारच. परंतु आपण मालकाला याविषयी एकदा तरी विचारले आहे, असे पत्रावरून दिसत नाही. राजीनाम्यापूर्वी ते विचारावे. कदाचित उत्तर समाधानकारक नसेल, तरी आपल्यात नेमके काय कमी पडले हे कळेल, आणि पुढच्या मुलाखतीत ते कामी येईल.

भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नये. जुन्या यूएएन (निधीच्या सामायिक खाते) क्रमांकावरच नव्या ठिकाणी वर्ग करावा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि त्यात ही पाच वर्षे धरली जातात.

प्रश्न : मी शहाद्यातील एका खासगी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. धुळ्यात दुसरी नोकरी मिळाली आहे. येथे दोन महिन्यांचा पगार थकला असून तेच सोडण्याचे कारण आहे. राजीनाम्यात तसे लिहावे का?
— एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : राजीनाम्यात लिहू नये. तेथे ‘वैयक्तिक कारणास्तव’ आणि शेवटच्या दिवसाची तारीख एवढेच पुरे, कारण तेच पत्र पुढे अनुभवाच्या दाखल्यासोबत फाइलमध्ये राहते. थकबाकीचे पत्र मात्र त्याच दिवशी वेगळे द्यावे. त्यात कोणत्या महिन्यांचा पगार, किती रक्कम, आणि आपण कोणत्या तारखेपर्यंत काम केले, हे नोंदवावे. दोन्ही पत्रांच्या प्रतींवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती मिळाल्यावर प्रयोगशाळेच्या किल्ल्या व नोंदवह्या रीतसर यादी करून, सही घेऊनच सुपूर्द करा.