वाचक विचारतात : दारू सुटली म्हणून अल्बम मोठा झाला का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी अंबडला एका टूलरूममध्ये फिटर आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. पोराने मोबाइलवर जेसन इझबेल या अमेरिकन गायकाचा 'साउथईस्टर्न' अल्बम लावून दिला तेव्हापासून येता-जाता तोच चालू असतो. इंग्रजी सगळं कळत नाही, पोरगा अर्थ सांगतो. पण त्याच्यावरचे रिव्ह्यू त्याच्याकडून वाचून घेतले तर जो तो त्याने दारू सोडली हेच लिहितोय. मला तर गाण्यांत दुसरीच माणसं दिसतात. माझंच ऐकणं कुठे चुकतंय का?

उत्तर : दादा, काहीच चुकत नाहीये. उलट तुम्हाला जे दिसलं ते बऱ्याच समीक्षकांनी घाईत मागे टाकलं असं माझं मत आहे. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, इझबेल अलाबामातल्या ग्रीन हिलचा, 2001 ते 2007 ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडमध्ये गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा, मग तिथून बाहेर पडला, दारू हाताबाहेर गेली, 2012 ला उपचार घेतले, सुटली, आणि जून 2013 ला हा अल्बम आला. प्रोड्युसर डेव्ह कॉब, लेबल स्वतःचंच, आणि कव्हरवर त्याच्या 400 युनिट या बँडचं नाव नाही, एकट्याचंच आहे. आणि हे खास तुमच्यासाठी, अल्बमचं नाव आलंय एका टूल अँड डायच्या, म्हणजे हत्यारं-साचे बनवणाऱ्या शॉपवरून, त्याचे वडील तिथे कामाला होते!

कौतुक भरपूर झालं आणि ते रास्तच होतं. 2014 च्या अमेरिकाना, म्हणजे तिकडच्या लोकसंगीताच्या वळणाच्या गाण्यांच्या पुरस्कारांत अल्बम, कलाकार आणि गाणं असे तिन्ही मान त्याला मिळाले, 2020 मध्ये रोलिंग स्टोन या संगीत मासिकाने 500 सर्वोत्तम अल्बमची नवी यादी काढली त्यात हा 458 वा आहे. पण व्यसनातून उठलेला माणूस ही गोष्ट लिहिणाऱ्याला आयती मिळाली की मग गाणं कसं बांधलंय ते बघायचं राहून जातं. 'कव्हर मी अप'ला ती गोष्ट लागू पडते, ते गायिका-व्हायोलिनवादक अमांडा शायर्ससाठी लिहिलेलं आहे आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं, तिथे मान्य. पण 'एलिफंट' घ्या. कॅन्सर झालेली एक बाई आणि तिचा मित्र बारमध्ये बसतात, पितात, हसतात, जुनी गाणी म्हणतात आणि आजाराकडे बघायचंच टाळतात. त्यात इझबेल कुठेही रडका सूर लावत नाही, ती कशी बोलते, कशी थट्टा करते एवढंच सांगत जातो आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो, निदान माझा तरी दरवेळी येतो. 'यव्हेट'मध्ये शाळकरी पोरगा आहे, वर्गातल्या मुलीच्या घरी तिचा बाप काय करतो ते त्याला कळलंय आणि तो बंदूक भरतोय. ही इझबेलची स्वतःची गोष्ट नाही ना.

मग दारूचं काय? ते 'लाइव्ह ओक'मध्ये ऐका, मला तर अल्बमचा जीव त्याच गाण्यात वाटतो. जुन्या काळातला एक लुटारू-खुनी, आता सुधारलाय, एका बाईबरोबर राहतो, आणि त्याला भीती ही की तिला आवडला तो आधीचा रानटी माणूस तर नसेल. नुकतीच दारू सोडलेल्याला नेमकी हीच भीती असते, की मी बदललो तर माझी माणसं माझी राहतील का. ती त्याने 'मी असा होतो, मी तसा झालो' म्हणून नाही सांगितली, एका खुन्याच्या तोंडी दिली. शेवटी ती बाई मरते, कशी ते सांगतच नाही. म्हणजे समीक्षक अगदीच खोटं बोलत नाहीत, पण आयुष्य हा कच्चा माल झाला, काम त्याच्या पुढे आहे, आणि डाय बनवणाऱ्याला हे मी काय सांगायचं!

प्रश्न : माझ्या भाचीने स्वतःच्या पैशाने मराठी गाण्यांचा अल्बम केला, नुसती गिटार आणि आवाज. कुणीच त्यावर लिहीत नाही, तिने काय करावं? — पंचवटीतून एक मावशी

उत्तर : मावशी, ऑल्ट-कंट्रीवरही, म्हणजे वर सांगितलेल्या इझबेलच्या धाटणीच्या अमेरिकन गाण्यांवरही, मोठ्या पेपरांनी आपणहून लिहायला सुरुवात केली नव्हती. 1995 मध्ये सिअॅटलला दोघांनी 'नो डिप्रेशन' नावाचं मासिक काढलं, अंकल टुपेलो बँडच्या 1990 च्या अल्बमवरून नाव घेतलं, आणि त्या गाण्यांवर नीट, सविस्तर लिहिणारी माणसं तिथे जमली. आपल्याकडे मराठी स्वतंत्र अल्बमवर असं लिहिणारं कुणी पाहिजेच, ही खंत मलाही आहे. भाचीला सांगा, ओळखीतल्या कवितेच्या माणसांना आधी पाठव, गाणाऱ्यांना नंतर. गाण्यांचे शब्द टाइप करून सोबत जोड, कोणी काय वाजवलं ते लिही, आणि स्वतःच्या कष्टांची कहाणी दोन ओळींतच आटप. एक प्रत या सदराच्या पत्त्यावरही पाठवा, मी पूर्ण ऐकेन आणि आवडलं-नावडलं दोन्ही लिहीन.