मनकवडीचं काम करणारी मुलगी तालमीतून सोडून गेली, निपाणीतल्या आमच्या विज्ञान-एकांकिकेचं काय करावं?

‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकी विज्ञान-मालिका बघाच. १९९३च्या पायलटमध्ये, म्हणजे चाचणी-भागात, कोश या परग्रहवासी राजदूताच्या मनात शिरलेली मनकवडी लायटा पहिल्या सीझनला नव्हती. तिच्या जागी टालिया ही दुसरी मनकवडी आली. दुसऱ्या सीझनमध्ये टालियाचं काम करणारी अँड्रिया थॉम्पसन गेली, तेव्हा टालियात दडवलेलं दुसरं व्यक्तिमत्त्व बाहेर काढलं, आणि ते काढायला लायटालाच परत आणलं. काय सुरेख जोडलंय! पण आयर्नहार्ट या मनकवड्यानं आधी टालियाला दिलेली जास्तीची शक्ती तशीच लोंबकळत राहिली.

म्हणून त्याच नावानं दुसरी मुलगी उभी करण्याआधी वहीत लिहा: कुणाच्या मनातलं काय, कोणत्या प्रवेशात तिला कळलंय. ज्या गुपितावर शेवट उभा आहे, तेवढंच नव्या पात्राकडे द्या, तेही रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर. बाकीची बीजं संहितेतून काढाच.