सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आतडी ‘कच्ची’ असतात म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंत की भाची सातव्या महिन्यातच झाली, जिल्ह्याच्या दवाखान्यात पेटीत आहे. आतडी कच्ची आहेत म्हणून डॉक्टर आईचंच दूध नळीनं थोडं थोडं देतात, आणि घरी आजी म्हणते, ‘बोटभर मध चाटवला तर काय होते?’

मी यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मधाचं आधी सांगतो: देऊ नका, गुटीही नको. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या कुठल्याही बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते.

कच्ची म्हणजे घडलेलीच नाहीत असं नाही. गर्भ दोन-अडीच महिन्यांचा असतानाच आतड्यात बोटांसारखे बारीक उंचवटे, म्हणजे विलाय, उगवू लागतात. मग त्यांच्या बुडाशी बारीक खळगे, म्हणजे क्रिप्ट, तयार होतात. पुढं नव्या पेशी तिथंच जन्मतात, वर सरकतात आणि टोकाला जाऊन झडतात. मोठ्या माणसात ही फेरी ३ ते ५ दिवसांची.

पण कुठं वाढायचं आणि कुठं थांबायचं, हे पेशीला कळतं कसं? यातलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. पेशींखाली एक पातळ आधारपटल असतं. त्यातल्या लॅमिनिन या प्रथिनाला पेशी इंटिग्रिन नावाच्या ग्राहींनी धरून असते. हा ग्राही पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो; बाहेरचं टोक लॅमिनिनला, आतलं पेशीच्या सांगाड्याला. त्यामुळे कशाला धरलंय याची खबर आत पोचते. क्रिप्टच्या तळाशी लॅमिनिनची एक जात, विलायावर दुसरी. इंटिग्रिनही बदलतात: त्यांच्या अल्फा-६ या भागाचं ‘ए’ रूप विभागणाऱ्या पेशींत जास्त, ‘बी’ रूप वर चढून कामाला लागलेल्या पेशींत. पकड पूर्ण सुटली तर पेशी आपण होऊन मरते. या मरणाला १९९४ साली ‘अनॉइकिस’ असं नाव मिळालं.

इंटिग्रिनच्या अल्फा-६ बीटा-४ या जोडीच्या जनुकातच बिघाड असेल, तर बाळ जठराचं खालचं तोंड बंद आणि अंगावर फोड अशा अवस्थेत जन्मू शकतं. तो फार दुर्मीळ आजार आहे, कच्च्या आतड्यांशी त्याचा संबंध नाही.

सातव्या महिन्यात घडण झालेली असते; मुरायचं बाकी असतं. शेवटच्या १५ आठवड्यांत आतड्याची लांबी जवळपास दुप्पट होते. जंतू अडवण्याची भिंतीची ताकद आणि अन्न पुढं ढकलणारी लय याच काळात येते. पोटातलं बाळ गर्भजल गिळत असतं. त्यात पेशींना वाढवणारा ईजीएफ हा घटक असतो, आणि तोच आईच्या चिकात नि दुधातही असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी सुजून सडण्याचा जो गंभीर आजार आहे, तो डब्याच्या दुधापेक्षा आईच्या दुधावर कमी होतो.

म्हणून बहिणीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध पिळून काढायला सांगा. सुरुवातीला चमचाभरही निघणार नाही. निघेल तेवढं सिस्टरकडे द्या. बाळाचं पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर राउंडची वाट न बघता लगेच सांगा.