सहा लाखांचा निधी: मोडायचा की राखायचा?

दादा, तुमचे प्रश्न दोन. माजी विद्यार्थ्यांच्या ट्रस्टचे सहा लाख गावच्या पतसंस्थेत ठेवावेत का, कारण ती बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते. आणि यंदा फीसाठी अर्ज वाढलेत तर मुद्दल मोडावं का.

पतसंस्था नको. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३५ मध्ये ट्रस्टचा पैसा कुठे ठेवायचा ते सांगितलंय, त्यात ती बसत नाही. बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तिथे तोही नाही. आमच्या ट्रस्टचे दोन लाख एका पतसंस्थेत असेच अडकले होते. चेअरमन ओळखीचा, म्हणून कुणी ताळेबंद मागितला नाही. सात वर्षांनी निम्मे हाती आले, ऑडिटरचा शेरा बसला तो वेगळाच. तुम्ही दोन बँकांत तीन-तीन लाख ठेवा, म्हणजे सगळे विम्यात राहतील.

मुद्दलाचं जरा अवघड आहे. आपल्याकडे देणगी येते कापूस विकला की, दिवाळीच्या पुढे-मागे. फी लागते जूनमध्ये. आणि बोंडअळीच्या किंवा भाव पडलेल्या साली देणगी आटते, नेमके तेव्हाच कालच्या देणगीदारांच्या भाऊबंदांची पोरं अर्ज घेऊन दारात. त्या सालासाठी एका वर्षाच्या वाटपाएवढी रक्कम वेगळी काढा. मुदतठेव मे अखेर पिकेल अशी करा. ही मोडायला हरकत नाही, फक्त ठराव लिहा आणि पुढच्या दोन हंगामांत भरून काढा.

बाकीचं सगळं 'मुद्दल' म्हणता, ते तसं आहे का? देणगीदाराने लेखी 'कायम निधीसाठी' म्हटलं असेल तेवढंच कायम निधी, म्हणजे ज्याचं फक्त व्याज वापरायचं. उरलेली नुसती साठलेली शिल्लक. करसवलतीची नोंदणी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के हेतूवर खर्चायचे असतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त राखायचं तर कारण देऊन ठरावीक फॉर्म मुदतीत भरावा लागतो, तेही पाच वर्षांपुरतं. आमच्याकडे हा फॉर्म एकदा राहिला होता, सीएची बोलणी मीच खाल्ली.

खऱ्या कायम निधीला मात्र हात लावू नका. तो चार लाख आहे असं निघालं आणि साडेसहा टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला २६,००० येतील. ते सगळे वाटलेत आणि महागाई सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांनी त्याच २६,०००त निम्मीच पोरं बसतील. लेखी देणग्यांतून दरवर्षी थोडी भर कायम निधीत पडेल असं बघा.

कोणती देणगी 'कायम निधीसाठी' होती ते कळायला आधी जुनी पावतीपुस्तकं शोधा. ऑफिसात नसतील तर आधीच्या खजिनदाराच्या घरी माळ्यावर बघा, आमची तिथेच निघाली.